भवानी पेठेतलं डॅनिश जेवण

अक्कांनी मला नोकरीवर ठेवलं तेव्हा एकच प्रश्न विचारला. "कॅप्टन, तुमाला गप बसता येतंय का?"

मी तोवर हायवेवरच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन होतो. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत मसाला पापड सुचवायचा आणि पापड मोडायच्या आत मटणाचं नाव काढायचं, हे माझं कसब. गप बसायचा पगार मला कुणी कधी दिला नव्हता. मी म्हटलं, "शिकीन की." त्या म्हणाल्या, "मग उद्यापास्नं या. साडेपाचला." दुसऱ्या दिवशी मी आपल्या सोलापूरच्या हिशेबाने साडेपाचला, म्हणजे पावणेसहाला पोचलो. दाराला आतून कडी होती. वाजवलं तर खिडकीतून अक्कांचं डोकं बाहेर आलं. "आजचं साडेपाच झालं," त्या म्हणाल्या, "उद्याच्या साडेपाचला या." आणि खिडकी बंद.

असा माझा पहिला दिवस रस्त्यावरच गेला. घरी येऊन बायकोला म्हटलं, ही बाई वेडी आहे. तेव्हा मी फार थोडं बघितलं होतं.

तर भवानी पेठेत, एका बाजूला टॉवेलचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी अशा जागी, अक्कांच्या वडिलांची मागांची शेड होती. माग विकले गेले, वडील गेले, शेड तेवढी राहिली. डेन्मार्कमध्ये अर्धं आयुष्य काढून अक्का परत आल्या आणि त्या शेडमध्ये त्यांनी आधुनिक डॅनिश जेवणाचं हॉटेल काढलं. हे वाक्य मी आजवर कित्येकांना सांगितलं असेल आणि प्रत्येकाने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलंय. सुरुवातीला तर पाटी वाचून लोक मालकाचं नाव दानिश समजायचे आणि आत येऊन बिर्याणी मागायचे. त्यांना समजावता समजावता माझा गप बसायचा करार रोज मोडायचा.

आत काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाची मोजकी टेबलं, ना गाणी ना फोटो. प्रत्येक टेबलावर मात्र एक मेणबत्ती, बाहेर लख्ख उजेड असला तरी. गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारायचं, "लाईट गेली का हो?" मी अक्कांना एकदा भीत भीत म्हटलं, निदान दिवस मावळेपर्यंत नको लावायला. त्या म्हणाल्या, "तिकडं सहा महिने ऊन दिसत न्हाई, कॅप्टन. मेणबत्ती लावली की माणूस माणसाकडं बघतंय." आपल्याकडे बाराही महिने ऊन आहे, त्याचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या. आईशी तेलुगूत, आमच्याशी इथल्या मराठीत आणि फोनवर डॅनिशमध्ये भांडायच्या. भांडण तिन्ही भाषांत सारखंच ऐकू यायचं. पंचावन्नच्या आसपास वय, बारीक कापलेले पांढरे केस, ढगळ सुती शर्ट. लग्न करून तिकडे गेल्या, लग्न टिकलं नाही, पण त्या टिकल्या. एका नामांकित स्वयंपाकघरात भांडी घासायला लागल्या आणि वर चढत चढत तिथल्या मालकिणीचा उजवा हात झाल्या. एवढंच त्यांनी सांगितलं, तेही कांदा चिरता चिरता. जास्त विचारलं तर म्हणायच्या, "कॅप्टन, गिऱ्हाइकाचं पाणी बघा."

मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा अक्का डोक्यावर हेल्मेट घालून, पुढे मोठा खोका लावलेल्या सायकलवरून बाजारात जायच्या. रिक्षावाले हाका मारायचे, "अक्का, सोडू का?" अक्का मान न वळवता म्हणायच्या, "तूच बस माग्नं. मी सोडते." आणि खरंच सोडलं असतं.

आणखी एक सवय, तिचा पुढे आम्हा सगळ्यांना फटका बसला. त्या तारीख कधी सांगायच्या नाहीत, आठवडा सांगायच्या. तिकडे म्हणे सगळा कारभार आठवड्यांच्या आकड्यांवर चालतो. "लोणच्याच्या बरण्या आठवडा तेहेतीसला उघडायच्या," असं त्या म्हणाल्या की आमची नरसम्मा माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. नरसम्मा आधी विड्या वळायची, नंतर अक्कांच्या स्वयंपाकघरात आली. पालेभाजीचं पान ती असं गुंडाळायची की बघत राहावं. तिने आकड्यांवर आपला तोडगा काढला होता. तिचं म्हणणं, आठवडा कुठलाही असो, अक्का ओरडायला लागल्या की तो आला समजायचं.

आता जेवणाचं सांगतो, नाहीतर तुम्हीही बिर्याणी मागाल. डॅनिश जेवणाचा कणा म्हणजे पाव. आपला लादीपाव नव्हे. काळसर, आंबट आणि जड, राय नावाच्या धान्याचा. त्याची पातळ चकती कापायची, तिच्यावर लोणी, लोण्यावर खारवलेला मासा, लोणचं, पाला. वर दुसरी चकती ठेवायची नाही. लोणी इतकं हवं की चावल्यावर त्यावर दाताचा ठसा उमटला पाहिजे. अक्का ताटलीत परत आलेले उष्टे तुकडे उचलून ठसे बघायच्या. ठसा नसेल तर लोणी लावणाऱ्याची धडगत नव्हती.

पण राय सोलापुरात पिकत नाही, आणि अक्का ती मागवायच्याही नाहीत. जिथे स्वयंपाक करायचा तिथलंच धान्य, तिथलाच मासा, तिथलाच पाला, हा म्हणे नव्या डॅनिश स्वयंपाकाचा पहिला नियम. म्हणून त्यांनी पाव ज्वारीचा करायचं ठरवलं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, हे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पहिलं वर्षभर पाव फुटत होते. अक्का ते फुटके पाव स्वतः खायच्या, फेकू द्यायच्या नाहीत, आणि खाता खाता पुटपुटायच्या, "पाणी कमी पडलं. आणिक एक रोज आंबायला पायजे होतं." मग त्यात जवस आलं, ताकाचं पाणी आलं, भाजल्यावर रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं आलं, आणि एक दिवस पाव उभा राहिला. त्या दिवशी अक्कांनी कोपनहेगनहून आणलेली लांब दातेरी सुरी काढली, एक चकती कापली, मेणबत्तीसमोर धरली आणि आरपार बघत बसल्या.

पाला शेतावरून यायचा. मोहोळकडची एक मावशी चिघळ, पाथरी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे असलं काय काय घेऊन यायची. पहिल्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, ह्यातलं निम्मं आमी बांधावरनं उपटून टाकतो. बाईला कुणी सांगा की." मी अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, "तिला म्हणावं, टाकायचं ते हितं टाक."

गिऱ्हाइकांचा आणि अक्कांचा सामना बघण्यासारखा असायचा. मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध एक तुकडा ठेवला की प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "एवढंच?" अक्का स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आजून सात यायचेत!" एकदा एक कुटुंब आलं, नव्या जावयाला घेऊन. दुसऱ्या ताटलीनंतर सासूबाईंनी पर्समधून पुडी काढली आणि टेबलाखालून सगळ्यांना शेंगाचटणी वाटली. मी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. अक्कांनीही बघितलं. त्या आल्या, खुर्ची ओढून त्यांच्यात बसल्या, बोटाने चटणी चाटली. "उखळात कुटलीय ना?" सासूबाई घाबरत म्हणाल्या, व्हय. मग दहा मिनिटं त्या दोघी लसूण आणि कुटण्यावर बोलल्या. मला वाटलं, निभावलं. अक्का उठल्या आणि सगळ्या ताटल्या गोळा करायला लागल्या. "ही चटणी लई भारी हाय. घरी जावा, भाकरीसंगं खावा. मी पैशे घेत न्हाई. पण माझ्याकडं याल तवा माझं खायला या." जावयाचं तोंड बघवत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी तेच कुटुंब परत आलं. सासूबाईंनी बसायच्या आधी पर्स उघडून अक्कांना दाखवली. आठही ताटल्या खाल्ल्या. आवडलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि अक्कांनी विचारलं नाही.

अक्कांना सोलापूरकरांकडून शाबासकी नकोच होती. ती एकाच माणसाकडून हवी होती. कोपनहेगन सोडताना तिथल्या मालकिणीने त्यांना सांगितलं होतं की तू तिकडे जे करशील ते चांगलं असेल, पण डॅनिश नसेल. आमचा समुद्र नाही, थंडी नाही, राय नाही, मग उरलं काय? अक्कांनी तिला तिथल्या तिथे सांगितलं होतं, "तू ये, खा आणि मग बोल." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. एरवी कुणाला न जुमानणारी बाई या एका वाक्याला अडकली होती. रात्री शेवटचं टेबल उठलं की त्या आम्हाला नवी ताटली खायला घालायच्या आणि विचारायच्या, "ती काय म्हणेल?" आम्ही तिला कधी बघितलेलं नव्हतं. सलीम, आमचा भट्टीवाला, दर वेळी म्हणायचा, "अच्छाच बोलेगी अक्का, मुँह है ना उस को."

आणि ती येणार असं ठरलं. मुंबईत काही कामाला येणार होती, तिथून एका संध्याकाळपुरती सोलापूरला. अक्कांनी भिंतीवर लिहिलं, "आठवडा एक्केचाळीस, बुधवार." आम्ही रोज ते वाचायचो. महिनाभर बरण्या, मासे, पाव यांच्याशिवाय विषय नव्हता. उजनी धरणातले चिलापी मासे खारवून टांगले होते, अंबाडी मुरत होती. त्या बुधवारी काय आहे हे मात्र कुणीही पंचांगात बघितलं नाही. अक्का आकड्यांवर चालत होत्या, आणि आमच्या डोक्यात तो आकडा कधी तारीख बनून उतरलाच नव्हता.

तो बुधवार खंडेनवमीचा निघाला.

विणकरांच्या वस्तीत खंडेनवमी काय असते हे बाहेरच्यांना कळायचं नाही. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मागवाल्याचा माग बंद, सुताराची करवत बंद, न्हाव्याचा वस्तरा बंद. अक्का दुपारी पाहुणीला आणायला स्टेशनवर गेल्या आणि इकडे नरसम्माने नेमाने सगळं मांडलं. मीच झेंडूची फुलं आणली. सुऱ्या घासून ओळीने ठेवल्या, हळदकुंकू लावलं, भट्टीला हार, मिक्सरला हार, वजनकाट्याला हार. पाहुणी येणार हे आम्ही विसरलो नव्हतो. पण आमच्या हिशेबात अडचणच नव्हती. आमचं जेवण गारच असतं, सगळं आधीच करून ठेवलेलं. आज फक्त वाढायचं होतं.

अक्का आत आल्या. पाहुणी बाहेर टेबलाशी बसली होती, सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, ऑक्टोबरच्या उन्हाने लालेलाल झालेली. अक्कांनी ओळीतली ती लांब सुरी बघितली आणि जागच्या जागी थांबल्या.

"पाव कोण कापणार?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पाव आधी कापून ठेवत नसत, वाळतो म्हणून. चकती टेबलावर जायच्या क्षणी कापली जायची. आणि चकती नाही तर जेवण नाही.

अक्कांनी सलीमकडे बघितलं. सलीम दोन पावलं मागे सरला. "नक्को अक्का, मेरे को मत बोलो. अब्बा के लूमां बी आज के दिन बंद रहते थे."

अक्कांनी सुरीकडे हात नेला. बोटं मुठीपर्यंत गेली. नरसम्मा हळूच म्हणाली, "तुमी उचलली तर आमी काय म्हणणार न्हाई, अक्का. हाटेल तुमचं हाय." ती रागाने नाही, अगदी मायेने म्हणाली, आणि त्यामुळे जास्त लागलं. मला अक्कांची दया आली. एवढ्या वर्षांची वाट, बाहेर बसलेली ती म्हातारी, आणि मधे कुंकवाचं एक बोट.

अक्कांनी हात मागे घेतला. "ह्याच शेडमध्ये बानं ह्या दिवशी व्यापाऱ्याला दारातनं परत लावलंय," त्या म्हणाल्या. "माल अर्धा मागावर हुता तरीबी." मग त्या एकदम माळ्याकडे बघायला लागल्या. "कॅप्टन, शिडी लावा."

माळ्यावर वडिलांच्या वेळचे सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, पडून होते, चादरीच्या जाड सुताचे. अक्कांनी एक कोन खाली टाकायला लावला. उकडलेलं अंडं आपल्याकडे दोऱ्याने कापतात, तसा त्यांनी दोरा दोन्ही बोटांना गुंडाळला, ताणला आणि पावावर टेकवला. तुटला. दुपदरी केला. तोही तुटला. तिसऱ्यांदा त्यांनी चार पदर घेतले, मांडीवर पीळ दिला, तेलाचं बोट ओढलं आणि करवतीसारखा पुढेमागे करत दोरा उतरवला. ओल्या फडक्यात मऊ झालेलं पावाचं कवच कापलं गेलं. चकती पडली. थोडी खडबडीत, पण पातळ आणि अखंड. नरसम्माने तोंडाला पदर लावला. अक्का म्हणाल्या, "रडू नका. मासा हातानं मोकळा करा. पाला खुडा. हाताला काय पूजा न्हाई झाली."

त्या संध्याकाळी भट्टी पेटली नाही की सुरी हलली नाही. आठ ताटल्या बाहेर गेल्या. मी वाढत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर गप होतो. म्हातारी सावकाश खायची, चकती उलटून बघायची, खडबडीत बाजूवर बोट फिरवायची. चेहऱ्यावर काहीच नाही. अशी गिऱ्हाइकं मला घाम फोडतात.

शेवटची ताटली उचलल्यावर ती स्वतःच आत आली. हारांकडे बघितलं, काहीतरी विचारलं. अक्कांनी सांगितलं, बराच वेळ सांगितलं, दोरा हातात धरून दाखवला. म्हातारीने चपला काढल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या. मग ती अक्कांशी बोलली, शांतपणे. अक्का ऐकत होत्या आणि त्यांची मान खाली खाली जात होती.

"काय म्हणली?" नरसम्माने विचारलं.

"म्हणते, हे डॅनिश न्हाई." अक्कांचा आवाज सरळ होता. "लई चांगलं हाय म्हणते. पण आमचं न्हाई."

सलीमने हातातलं फडकं टाकलं. मला त्या बाईचा इतका संताप आला की माझी एवढ्या वर्षांची हॉटेलातली शिस्त गेली असती. म्हातारी आणखी एक वाक्य बोलली, अक्कांच्या दंडावर हात ठेवून. अक्कांनी तो हात बाजूला केला आणि डॅनिशमध्ये ताडकन काहीतरी उत्तर दिलं.

"आता काय झालं?"

"म्हणते, तिकडं कुणी विचारलं तर डॅनिश हाय म्हणून सांगते." अक्का लाल झाल्या होत्या. "मी म्हणलं, मला तुझी भीक नको. खरं वाटंल तवा म्हण. न्हाई वाटलं तर परत ये, परत खा. मी हितंच हाय."

असं त्या म्हणाल्या, जिच्या एका शब्दासाठी त्यांनी वर्षभर फुटके पाव खाल्ले तिला. मला तेव्हा त्यांचा राग आला, खरं सांगतो. मिळतंय ते घ्यावं ना माणसाने. म्हातारी मान हलवत रिक्षात बसून गेली. तिची सकाळची गाडी होती. अक्कांनी भांडी घासली आणि आम्हाला सांगितलं, "उद्या सातला या. पूजेतल्या सुऱ्या उठवायच्या."

दसऱ्याच्या सकाळी मी सातला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, हलत नव्हत्या. मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

म्हातारी आत होती; झाडलोटीला लवकर आलेल्या नरसम्माने तिला दार उघडलं होतं. सलीमचा एप्रन तिने कमरेला दोन वेढे देऊन बांधला होता, चपला बाहेर काढलेल्या होत्या आणि ती भिंतीशी हात बांधून उभी होती, पहिल्या दिवशी कामावर आलेलं माणूस उभं राहतं तशी. सुऱ्यांना तिने हात लावला नव्हता. त्या कुणी उठवेल याची वाट बघत होती. सकाळची गाडी तिने जाऊ दिली होती.

अक्कांनी फुलं काढली, सुऱ्यांना नमस्कार केला आणि एक सुरी उचलून तिच्या हातात दिली. मग कोपऱ्यातली कांद्यांची पाटी पायाने तिच्यापुढे सरकवली. म्हातारी खाली बसली आणि सोलायला लागली. कोपनहेगनच्या त्या स्वयंपाकघरात भांड्यांवरून वर चढल्यावर अक्कांना पहिलं काम कांदे सोलायचंच मिळालं होतं आणि ते याच बाईने दिलं होतं, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

गुडघ्यांनी मला नोकरी सोडायला लावली त्याला आता वर्ष होईल. हॉटेल चालू आहे. म्हातारीने 'हो' अजूनही म्हटलेलं नाही. त्या सकाळी ती जितकी भराभर सोलत होती तितक्याच भराभर अक्का तिच्यामागे उभ्या राहून सांगत होत्या, "पातळ, आजून पातळ," मराठीत सांगतोय याचं भान त्यांना नव्हतं, आणि म्हातारी अजून पातळ काढत होती.